मामाच्या गावचा धबधबा

पत्र असं आहे:

"ताई, मी २३ वर्षांचा आहे, सिल्लोड तालुक्यातला. संभाजीनगरला एम.ए. करतो, जोडीला स्पर्धा परीक्षेचा अभ्यास. दोन वर्षांपासून मित्रांबरोबर किल्ले, लेणी, डोंगर फिरतो. जुलैमध्ये सोयगाव भागातल्या माझ्या मामाच्या गावाजवळच्या धबधब्याचा रील टाकला, लोकेशनसकट. तीन लाखांवर लोकांनी पाहिला. पुढचे तीन रविवार गावात पाय ठेवायला जागा नव्हती. लोकांनी मामाच्या मक्यातून वाट पाडली, नाल्यात बाटल्या फोडल्या. मामाच्या बैलाच्या खुरात काच घुसली. पंधरा ऑगस्टला एक पोरगा डोहात बुडता बुडता वाचला. मामा माझ्याशी बोलत नाही. वडील म्हणतात, हे सगळं बंद कर आणि अभ्यासाला बस. मित्र म्हणतात, आता नाव झालंय, माणशी ५०० रुपये घेऊन ट्रिपा काढू. मला डोंगर सोडवत नाही. माझं खरंच एवढं चुकलं का? आता काय करू?"

बाळा, पत्रात तू गावाचं नाव दिलंस, धबधब्याचंही दिलंस. मी दोन्ही छापलेली नाहीत. तीन रविवार त्या गावाने सोसलं, तेवढं पुरे.

आधी तुझ्या प्रश्नाचं सरळ उत्तर. हो, चुकलं. डोंगरात जाण्यात काही चूक नाही. आवडलेली जागा चार जणांना दाखवावी असं कुणालाही वाटतं, त्यातही चूक नाही. पण त्या गावाला न विचारता त्याचा पत्ता तू तीन लाख लोकांच्या हाती दिलास. तो नाला म्हणजे तुझी सुट्टीची जागा. मामासाठी ते गुरांचं पाणी आहे, शेताचा बांध आहे, दिवसातून चार वेळा तुडवायची पायवाट आहे. तू मुद्दाम केलं नाहीस हे मला पत्रावरून कळतं. मामालाही कळत असेल. पण बैल लंगडत असताना कुणाला हेतू विचारायला सवड नसते.

म्हणून पहिलं काम मामाचं. तू फोन करत असशील आणि तो उचलत नसेल. फोन बंद कर आणि जा. जाताना मिठाईचा पुडा नको. पायात बूट, हातात चामड्याचे मोजे, एक घमेलं, बांधकामावर वाळू चाळतात ती तारेची चाळणी आणि तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा एवढं ने. गोणी नेऊ नकोस, काच ती फाडून बाहेर येते. भर दुपारी ओल्या वाळूत काच दिसत नाही. सकाळी नऊच्या आत किंवा चारनंतर उन्हं तिरपी झाली की ती चमकते, तेव्हा उतर. मी आणि चार मैत्रिणींनी एका किल्ल्याखालच्या ओढ्यात हे काम केलेलं आहे. आम्ही धबधब्याच्या पायथ्याशी शोधत बसलो होतो आणि काच होती खालच्या वळणावर, पूर ओसरताना पाणी वाळू टाकून जातं तिथे. नेमकी तीच जागा गुरांच्या उताराची होती. दोन तासांत दोन डबे भरले. तूही आधी वळणावर बघ.

बैलाच्या दवाखान्याचा खर्च तू दे. काच खुराच्या बेचक्यात रुतली की वरून काही दिसत नाही; बैल पाय टेकताना बिचकतो, मग पाय सुजतो, आणि ऐन हंगामात जोडी जागेवर बसते. मक्याच्या किती ओळी मोडल्या ते मामाबरोबर शेतात उभं राहून मोज. मका विकायला जाईल तेव्हा त्या भावाने पैसे दे. एकदम जमणार नसतील तर दोन हप्त्यांत दे, पण आकडा आजच ठरव. मामा "राहू दे रे" म्हणेल. राहू देऊ नकोस.

रीलचं काय? काढ. त्याच्या नकला फिरत राहतील हे मला माहीत आहे, तरी काढ. आणि मामाची, जमलं तर सरपंचांचीही, परवानगी घेऊन दुसरा टाक. त्यात तू स्वतः समोर ये. लोकेशन टाकलं ही माझी चूक झाली, गावाचं नुकसान झालं, कुणी येऊ नका, एवढं सांग. तीन लाख बघणार नाहीत. तीस हजारांनी बघितला तरी शंभर गाड्या कमी होतील.

इथे तुला एक फरक सांगते, कारण तू पुढेही फिरणार आहेस आणि दाखवणारही आहेस. वेरूळ, अजिंठा, देवगिरी इथे रोज माणसांची रीघ लागते. तिथे तिकीट आहे, पहारेकरी आहे, स्वच्छतागृह आहे, गाड्या उभ्या करायला जागा आहे. अजिंठ्याला तर खासगी गाड्या फर्दापूरच्या टी पॉइंटलाच थांबवतात, पुढचे चारेक किलोमीटर बसने जावं लागतं. वाघूर नदीच्या त्या दरीत सगळ्यांच्या गाड्या उतरल्या असत्या तर काय झालं असतं, मनात आणून बघ. अशा जागांचा पत्ता खुशाल दे. पण वेताळवाडी, अंतूर, सुतोंडा हे किल्ले, जंजाळ्याखालची घटोत्कच लेणी इथे गर्दी आवरायला कोण आहे? पायथ्याचं गाव. लोकेशन टाकायच्या आधी तिथल्या चार घरांत बसून पाणी पी, विचार. आणि तुझ्या मामाच्या गावच्या धबधब्यासारख्या जागेचं लोकेशन टाकूच नकोस. व्हिडिओ दाखव, जिल्हा सांग, पुढचं राहू दे. ज्याला खरंच यायचं आहे तो तुला विचारेल, तेव्हा तू त्याला कसं यायचं, कसं वागायचं हेही सांगू शकशील.

आता पंधरा ऑगस्टच्या त्या पोराबद्दल. पत्रात तू त्याला एक ओळ दिलीस. मला मात्र ती वाचून रात्री झोप लागली नाही.

आपला अजिंठ्याचा डोंगर लाव्ह्याच्या थरांवर थर बसून झालेला आहे. काही थर टणक, काही भुसभुशीत. पाणी टणक थरावरून खाली पडतं आणि खालचा मऊ थर पोखरत राहतं. त्यामुळे डोह सरळ विहिरीसारखा नसतो. कातळ आत आत कोरलेला असतो, वर छज्जा आणि खाली पोकळी. काठावर पाणी कमरेएवढं लागतं, दोन पावलांवर पाय टेकत नाही. पडणाऱ्या पाण्याचा भोवरा माणसाला त्या पोकळीकडे ढकलतो. पावसाळ्यात पाणी गढूळ असतं, वरून काही कळत नाही. आपल्याकडची पोरं विहिरीत पोहायला शिकतात, तिथे पाणी उभं असतं. विहिरीतला पट्टीचा पोहणारा अशा डोहात गडबडतो. म्हणून माझं म्हणणं अगदी कडक आहे: पावसाळ्यात धबधब्याखालच्या डोहात उतरायचं नाही. गुडघाभर पाण्यातही नाही.

दुसरी गोष्ट वरच्या पाण्याची. हा डोंगर म्हणजे गोदावरी आणि तापी यांच्यामधला पाणलोट. पाऊस वर पठारावर पडतो आणि तुम्ही खाली दरीत उन्हात उभे असता. आभाळ तुमच्या डोक्यावर निरभ्र, आणि पाणी मात्र निघालेलं असतं.

मी हे डोळ्यांनी बघितलं आहे. २००४ चा श्रावण होता, आम्ही अकरा जण होतो, याच डोंगररांगेतल्या एका नाल्यात. पलीकडच्या चढावर एक म्हातारा गुराखी होता. त्याने शीळ घातली, मग ओरडून म्हणाला, "पाणी लाल व्हायलंय, निघा!" आम्ही हात हलवून हसलो. पाण्याचा रंग खरंच बदलत होता, आम्हाला तो दिसत होता, पण त्याचा अर्थ आम्हाला ठाऊक नव्हता. मग पाण्यावर पाचोळा आणि काटक्या आल्या. मग आवाज जड झाला. पाचेक मिनिटांत आमची एक मैत्रीण मधल्या खडकावर अडकली आणि आम्ही दहा जण काठावर नुसते ओरडत होतो. तो म्हातारा खाली आला. कमरेला गुंडाळलेला कासरा सोडला, एक टोक करंजीच्या बुंध्याला बांधलं, दुसऱ्या टोकाला दगड बांधून तिच्याकडे फेकला. तिसऱ्या फेकीत तिला तो मिळाला. ओढून काढलं तेव्हा तिच्या तळहातांवर कासऱ्याचे वळ उठले होते. आम्ही रडलो, त्याच्या पाया पडलो, आणि गाडी चुकेल म्हणून निघून आलो. त्याचं नावही विचारलं नाही. मला ते आजही खुपतं.

तेव्हा रंग, पाचोळा, आवाज. यातलं एक जरी बदललं तरी पिशव्या, चपला जिथे असतील तिथे सोडून नाल्याच्या कडेने वर चढायचं. प्रवाहाच्या दिशेने खाली धावायचं नाही. पलीकडे मित्र असला तरी ओलांडायचं नाही, त्याने तिकडूनच वर चढायचं. पाणी जसं आलं तसं तासा-दोन तासांत उतरतंही, वाट बघायची.

विजेबद्दलही सांगते, कारण मराठवाड्यात वीज दर वर्षी माणसं आणि जनावरं नेते. चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोज. तीन सेकंदांना एक किलोमीटर. आकडा तिसाच्या आत आला की कडा, बुरूज, एकटं झाड सोडून खाली यायचं, मग शिखर दहा मिनिटांवर का असेना.

आणि आग्या मोहोळ. लेण्यांच्या कपारीत, किल्ल्यांच्या कड्याला ते असतंच. अत्तराचा वास, धूर, दगड, ड्रोन यांनी ते उठतं. उठलं तर हात झाडत उभं राहू नये. तोंड झाकून, लांब पळत सुटावं, जितकं लांब तितकं बरं. पाण्यात उडी मारून उपयोग नाही, माश्या वर घिरट्या घालत राहतात. काटे नखाने खरवडून काढायचे आणि जास्त डंख असतील किंवा श्वास लागला असेल तर थेट दवाखाना. १०८ नंबर सगळ्यांना पाठ असतो, पण दरीत रेंज नसते. कुठल्या वळणावर रेंज येते ते जातानाच बघून ठेव.

ट्रिपांबद्दल तुझे मित्र म्हणतात ते मी धुडकावणार नाही. आपल्या भागातल्या पोरांनी याच भागात राहून या डोंगरांवर पोट भरावं असं मला मनापासून वाटतं. पुण्या-मुंबईचे गट येऊन वेरूळ-अजिंठा बघून जातात, आणि इथल्या पोराला सुतोंड्याची कातळात खोदलेली वाट माहीत असूनही तो कंपनीत बारा तास उभा राहतो, हे बरं नाही. पण ५०० रुपयांचा हिशोब जरा माझ्याबरोबर कर. पंधरा माणसं, ७५०० रुपये. गावातल्या दोन घरांत पिठलं-भाकरी, ठेचा, माणशी १५० धरले तर २२५०. गावातला एक वाटाड्या, दिवसाचे ८००. शेतात गाड्या लावू देणाऱ्याला आणि ज्या घराचं शौचालय वापराल त्या घराला मिळून ५००. झाले ३५५०, म्हणजे जवळजवळ निम्मे, आणि अजून गाडी संभाजीनगरातून हललेली नाही. प्रथमोपचाराची पेटी, दोर, विमा, तुझी मेहनत तर पुढेच. पाचशेत ट्रिप बसवायची झाली की सगळ्यात आधी गावाचा वाटा कापला जातो, मग वाटाड्या, मग सुरक्षा. तेव्हा हजाराच्या आत परवडत नाही असं सरळ सांग. ज्यांना महाग वाटेल ते येणार नाहीत, नाही आले तर नाही.

शौचालयाचा उल्लेख मी मुद्दाम केला. मुलींच्या मनातली ही गोष्ट ट्रिप काढणाऱ्या पोरांच्या ध्यानातच येत नाही. आडोसा मिळणार नाही या धास्तीने मुली सकाळपासून पाणी पीत नाहीत आणि दुपारी चक्कर येऊन पडतात. पायथ्याच्या घरातल्या बाईशी आधी बोलून ठेव, तिला पैसे दे, आणि सगळ्यांसमोर एकदा सांगून टाक की सोय कुठे आहे.

वाटाड्या गावातलाच घे, तुला वाट पाठ असली तरी. पाणी लाल होतंय हे त्याला आधी दिसतं.

नोंदणीचंही बघ. राज्याचं साहसी पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलं, आणि असे उपक्रम पैसे घेऊन चालवणाऱ्यांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असते. त्याआधी स्वतः शिक. उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था १९६५ पासून आहे, दार्जिलिंगची हिमालयन गिर्यारोहण संस्था १९५४ पासून. त्यांचा प्राथमिक अभ्यासक्रम सुमारे चार आठवड्यांचा असतो. दोराच्या गाठी, कड्यावरून उतरणं, जखमी माणसाला हलवणं हे तिथे हातात बसतं. व्हिडिओ बघून बसत नाही. तोवर पैसे घेऊन कुणाला नेऊ नकोस. एक वर्ष लागेल, लागू दे.

मग ज्यांना नेशील त्यांना गाडीत बसायच्या आधीच काही गोष्टी सांगायच्या. किल्ल्यावरच्या टाक्यात अंग बुडवायचं नाही, साबण लावायचा नाही. मार्चनंतर त्याच टाक्यातलं पाणी गुराखी आणि त्याच्या शेळ्या पितात. लेण्यांच्या भिंतीवर नावं कोरायची नाहीत. पितळखोऱ्यासारख्या केंद्र सरकारच्या संरक्षित स्मारकाला इजा केली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. गौताळ्यात शेकोटी नाही, स्पीकर नाही, वनखात्याच्या परवानगीशिवाय मुक्काम नाही. ते १९८६ पासून अभयारण्य आहे. २०२१ मध्ये यवतमाळच्या टिपेश्वरमधून एक वाघ शेतं, रस्ते, गावं ओलांडत तिथवर चालत आला होता. एवढं चालून आलेल्या जनावराला रात्री निदान अंधार आणि शांतता मिळावी, एवढं तर आपल्या हातात आहे.

उन्हाळ्यात नेऊच नकोस. एप्रिल-मे मध्ये हा काळा कातळ तव्यासारखा तापतो आणि अंतूरच्या चढावर सावली नाही. पाऊस ओसरल्यापासून फेब्रुवारीपर्यंतचे दिवस आपले.

तुझे वडील. ते डोंगराच्या विरोधात आहेत असं मला वाटत नाही. डोहातला पोरगा तू असतास तर, हा विचार त्यांनी केलेला आहे, आणि तो बोलून दाखवता येत नाही म्हणून ते अभ्यासाचं नाव काढतात. त्यांना निघण्याआधी कागदावर लिहून दे: कुठे जातो, कोण बरोबर, किती वाजता परत, आणि वेळ टळली तर कुणाला फोन करायचा. ती वेळ एकदाही चुकवू नकोस. महिन्यातले दोन रविवार डोंगराला आणि बाकीचे अभ्यासाला असं त्यांच्यासमोर ठरव आणि पाळ. आणि थंडीत एकदा त्यांनाच वेताळवाडीला घेऊन जा. आपल्याकडच्या शेतकरी माणसाने हौसेसाठी कधी डोंगर चढलेला नसतो, पण कुठल्या झाडाखाली पाणी असेल, वारा कुठून फिरला, हे तो बघता बघता सांगतो. तुझे वडील चढतील. चढताना काय बोलतात ते ऐक.

गावाशी बोलणं मामापुरतं ठेवू नकोस. पुढच्या ग्रामसभेत जा आणि पुढच्या पावसाळ्यासाठी काय करायचं ते त्यांनाच विचार. गाड्या गावाबाहेर थांबवायच्या का, सफाईचे पैसे घ्यायचे का, की धबधबा बंदच ठेवायचा, हे ठरवणं त्यांचं काम. बंद ठेवा म्हणाले तर "ठीक आहे" म्हणून ये. रविवारी पाटी धरून रस्त्यावर उभं राहायला माणूस लागेल, ते काम माग.

पोळा जवळ आला आहे. त्याच्या आधी काच वेचून होईल आणि बैलाचा पायही बरा होईल अशी आशा करते. आदल्या संध्याकाळी खांदेमळणीला मामाच्या गोठ्यात जा. तो बैलाच्या खांद्याला हळद-तूप लावेल तेव्हा वाटी तू धर. "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या" असं बैलाला म्हणतात, ते या वर्षी तूच म्हण. मामा तिथे काय बोलला, की नुसतीच वाटी हातात दिली, ते मला लिहून कळव.